कव्हरवरची मुलगी

लुविनियाने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून सुईत ओवलं आणि गाऊनचा निसटलेला हुक जागेवर धरला. आयोवातल्या वॉटरलू गावच्या त्या नाट्यगृहाला मागच्या बाजूने तीन पायऱ्या होत्या. आतल्या खोलीतला दिवा मिणमिणता, म्हणून ती उजेडासाठी पायऱ्यांवर येऊन बसली होती. डोक्याला रुमाल, अंगात घरचा विटका झगा, पायांत सपाता. कार्यक्रम चारला होता, आत्ताशी एक वाजत होता. वाजवणारे सगळे रुळांपलीकडच्या आपल्या काळ्या लोकांच्या वस्तीत जेवायला गेले होते. तिलाही चल म्हणाले, पण फारसा आग्रह केला नाही. फलकावर 'लुविनिया क्रंप' हे तिचं एकटीचं नाव मोठ्या अक्षरांत यायला लागल्यापासून कुणी आग्रह करत नसे.

पूर्वी असं नव्हतं. डेट्रॉइटमध्ये पहिली गाणी झाली तेव्हा सगळे एका खोलीत, एका माइकभोवती, एकमेकांच्या घामाच्या वासात उभे असत. टाळ्या वाजवायला चर्चमधल्या दोन बायका येत आणि गाणं रंगलं की माइकचं भान विसरून मध्येच हुंकार देत. मग कंपनीचे मालक रॉस्को बॅटल यांनी ठरवलं की ही गाणी फक्त आपल्या रेडिओ स्टेशनांवर वाजून भागायचं नाही, गोऱ्या पोरांच्या मोटारींत वाजली पाहिजेत. गाण्याच्या शेवटी लुविनिया जी आर्त हाक घालायची ती काढून टाकली. तिच्या जागी व्हायोलिनं आली. ती वाजवणारे लोक तिने कधी पाहिले नाहीत. ते दुसऱ्याच दिवशी येऊन वाजवून जात. ती काचेच्या खोलीत कानांवर यंत्र चढवून एकटी गायची. तिसरी तबकडी खपाच्या दोन्ही याद्यांत चढली, आपल्याही आणि गोऱ्यांच्याही.

तिच्या कव्हरवर समुद्रकिनारा होता, आणि वाळूवर पिवळ्या झग्यातली सोनेरी केसांची एक मुलगी पाठमोरी मान वळवून हसत होती. लुविनियाने कव्हर हातात घेऊन नुसतंच रॉस्को बॅटल यांच्याकडे पाहिलं होतं.

"तुझा चेहरा दिसला तर दक्षिणेतला दुकानदार खोकंसुद्धा उघडायचा नाही," ते म्हणाले होते. "आधी आवाज घरात शिरू दे. चेहरा मागून येईल."

ते स्वतःही काळेच, मिसिसिपीतून पायांत धड बूट नसताना आलेले होते. त्यांना काय सांगायचं, म्हणून तिने कव्हर टेबलावर परत ठेवलं.

त्यानंतर पत्रं यायला लागली. कचेरीतल्या मुली प्रत्येकाला छापील कार्ड पाठवत. पण मार्च महिन्यात आलेलं एक पत्र लुविनिया घरी घेऊन गेली. आयोवाच्या उत्तर भागात शेतावर एकट्या राहणाऱ्या हाल्डिस क्वाम नावाच्या म्हातारीचं ते होतं. नवरा वारलेला, मुलगी इंगा कॅलिफोर्नियात, नाताळला तिचं कार्ड येतं तेवढंच. तुझं गाणं रेडिओवर लागलं की मी भांडी घासायची थांबते, असं तिने लिहिलं होतं. कव्हरवर तू थेट माझ्या इंगासारखी दिसतेस, असंही लिहिलं होतं.

लुविनियाने उत्तर पाठवलं. मग पुन्हा पत्र आलं. सहा महिन्यांत म्हातारीची सात पत्रं आली, हिची पाच गेली. गोठलेली विहीर, आंधळी झालेली गाय, रात्री नवऱ्याच्या बाजूला चुकून अंथरली जाणारी चादर, म्हातारी सगळं लिहायची. लुविनिया लिहायची ती हवापाण्याचं, बसमध्ये झोप कशी येत नाही त्याचं, खोलीतल्या एकाच शेगडीवर अंडी कशी करपतात त्याचं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. खरंही फारसं नव्हतं. दौऱ्याच्या तारखा ठरल्यावर तिने वॉटरलूचं कळवलं, आणि पाकीट पेटीत पडल्यावर मात्र हात आत घालून ते परत काढता येईल का, म्हणून क्षणभर पेटीपाशीच उभी राहिली.

हुक शिवून झाला. दोरा दातांनी तोडायला तिने मान खाली घातली, तेव्हा फरसबंदीवर जाड टाचांचा आवाज आला.

उंच, हाडापेराची म्हातारी होती. पुरुषी कापडाचा निळा कोट, डोक्यावर जाळीची टोपी. दोन्ही हातांनी तिने वेताची टोपली पोटाशी धरली होती. टोपलीवर स्वच्छ पांढरा रुमाल. पत्रात लिहिल्याप्रमाणे कोट नवऱ्याचा होता. बाह्या आत दुमडून शिवलेल्या दिसत होत्या. लुविनियाने तिला लगेच ओळखलं. तोंडावर हसूसुद्धा आलं.

"मिस क्रंप आत आहेत का गं?" म्हातारीने विचारलं. "तू त्यांच्याकडे कामाला ना?"

लुविनिया उठून उभी राहिली. तिचा गाऊन तिच्याच हातावर होता.

"होय, बाईसाहेब," ती म्हणाली.

शब्द आपोआप आले. अलाबामात वयाच्या नवव्या वर्षापासून दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत ज्या सुरात ते म्हटले होते, त्याच सुरात आले.

म्हातारीने टोपली पुढे केली. बटाट्याच्या पातळ पोळ्या होत्या, लोणी आणि साखर लावून गुंडाळलेल्या. त्यांच्याकडे सणाला करतात, पहाटे उठून केल्या होत्या. मिस क्रंप झोपल्या असतील तर उठवू नकोस, असं तिने बजावलं. बसच्या प्रवासात त्यांना झोप येत नाही, हेही तिने लुविनियालाच समजावून सांगितलं.

"तुम्ही दमला असाल," लुविनिया म्हणाली. "आत येऊन बसता का?"

"नको. केस विस्कटलेत माझे. नंतर भेटेन तिला, जरा नीटनेटकी होऊन." म्हातारी दोन पावलं गेली आणि वळली. "पोचवशील ना नक्की?"

"पोचवीन."

लुविनियाने टोपली आत नेऊन आरशाखाली ठेवली. रुमाल उचलला नाही. बराच वेळ ती आरशाकडे पाठ करून बसली होती. सॅक्सोफोन वाजवणारे पर्व्हिस जेवून परत आले, त्यांनी टोपलीकडे आणि तिच्याकडे पाहिलं. ते वयाने सगळ्यांत मोठे, ती चर्चमध्ये गायची तेव्हापासूनचे. बरं नाही का, त्यांनी विचारलं. हुक शिवत होते, ती म्हणाली.

चारला पडदा सरकला. समोर बहुतेक गोरी कॉलेजातली पोरं, डाव्या अंगाला वस्तीतली माणसं चर्चच्या कपड्यांत एकत्र बसलेली. म्हातारी तिसऱ्या रांगेत कडेला होती. लुविनिया दिव्यांत आली आणि टाळ्या झाल्या. म्हातारीनेही टाळ्या वाजवल्या, पण तिची नजर लुविनियावर नव्हती. ती लुविनियाच्या मागच्या पडद्याकडे पाहत होती, अजून कुणीतरी बाहेर यायचं असल्यासारखी.

मग लुविनियाने पहिली ओळ म्हटली.

म्हातारीचे हात टाळीसाठी वर होते ते तसेच राहिले. नंतर सावकाश मांडीवर आले. तिने मान खाली घातली, आणि पहिलं गाणं संपेपर्यंत लुविनियाला फक्त टोपीची जाळी दिसत राहिली.

दुसरं गाणं तबकडीवरचं होतं. लुविनिया ते रोज ठरल्याप्रमाणे गायची, व्हायोलिनांना जागा सोडून. इथे व्हायोलिनं नव्हतीच. शेवट आला तशी तिने डोळे मिटले आणि काढून टाकलेली ती हाक घातली. पर्व्हिस यांनी वाजवता वाजवता वळून पाहिलं. डाव्या अंगाहून एका बाईचा "हो, हो" असा खालचा आवाज आला. पोरांना टाळ्या वाजवायच्या की नाही कळेना. मग त्यांनी फार जोराने वाजवल्या. लुविनियाने डोळे उघडले. म्हातारी जागेवर होती आणि आता तिच्याकडेच पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते दिव्यांमुळे कळलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर लुविनिया गाऊनवर कोट चढवून त्याच पायऱ्यांवर उभी राहिली. पोरंपोरी सह्या घ्यायला आली. एका मुलीने तबकडी पुढे केली आणि कव्हरवर बोट ठेवून, मग ही कोण, असं निरागसपणे विचारलं. मला माहीत नाही, लुविनिया म्हणाली, आणि वाळूच्या कोऱ्या भागात सही केली. पोरं पांगली. ऊन उतरलं. पर्व्हिस दोनदा बोलवायला आले. तिसऱ्यांदा बसचा भोंगा वाजला तेव्हा ती निघाली.

पोळ्या तिने बसमध्ये सगळ्यांना वाटल्या. कुणी दिल्या, असं कुणीतरी विचारलं. ओळखीच्या बाई आहेत, ती म्हणाली. स्वतः तिने एकच खाल्ली, तीही सगळे झोपल्यावर.

डेट्रॉइटला परतून तीन आठवडे झाले तेव्हा पाकीट आलं. आधीच्या पत्रांवर 'माझ्या मुली' असं असायचं.

"मिस क्रंप यांस," या पत्रात होतं. "पोळ्या पोचवीन असं तुम्ही म्हणालात, तेव्हा पोचल्या असतीलच. मी शेवटपर्यंत बसले. नंतर मागच्या दाराकडे यायला निघाले होते, पण दुपारी तुम्हाला काय विचारलं ते आठवलं आणि पाय उचलेना. बसला दीड तास होता. डेपोतल्या बाकावर बसून राहिले. तुम्ही 'होय, बाईसाहेब' का म्हणालात याचा रोज विचार करते. रागावता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण कुणावर रागवायचं ते कळत नाही. सात पत्रं मी माझंच सांगत बसले. तुमच्याविषयी मला काहीच माहीत नाही. हाल्डिस क्वाम."

लुविनियाने पत्र टेबलावर उलटं ठेवलं. डेपो नाट्यगृहापासून दोन गल्ल्यांवर होता. त्यांची बस त्याच्यासमोरूनच बाहेर पडली होती. ती बसच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसली होती.

तिने कागद घेतला. हवेविषयी एक ओळ लिहिली आणि खोडली. दुसरा कागद घेतला. खालच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ लावला, मग बंद केला. बऱ्याच वेळाने तिने पेन पुन्हा उचललं आणि न थांबता लिहिलं:

"माझी आई फेब्रुवारीत गेली. तार आली तेव्हा मी फिलाडेल्फियात होते आणि चार कार्यक्रम शिल्लक होते. मी चारही केले. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही."