गेटबाहेरच्या थैल्या

वरणगावच्या फॅक्टरीसमोर आधार नानांची टपरी आहे. तिथे चहा मिळतो हे खरं, पण चहासाठी तिथे कुणी येत नाही. चहात साखर इतकी असते की चमचा उभा राहावा. माणसं येतात ती खिसे रिकामे करायला.

ज्याला ठाऊक नाही त्याला हे नीट सांगायला हवं. आत काम दारूगोळ्याचं. काडीपेटी, बिडी, लायटर आणि अलीकडे मोबाईल, यातलं काही म्हणता काही गेटच्या आत जात नाही. पण माणूस घरून निघतो तो बिडी ओढतच ना! मग गेटाशी आल्यावर काय, काडीपेटी गटारात फेकायची? ती नानांकडे द्यायची, सुटल्यावर परत घ्यायची. चाळीस वर्षं हे असंच चाललंय. कुणी नेमलं नाही, कुणी पगार दिला नाही. चहा घ्या, सामान ठेवा, सुखानं आत जा.

टपरीच्या मागच्या फळीवर खिळ्यांच्या रांगा आहेत आणि प्रत्येक खिळ्याला एक कापडी थैली. या थैल्या नानांच्या भिकुबाईनं शिवल्या. कामगारांच्याच जुन्या खाकी पँटी मागून आणायची, कापायची आणि लाल दोऱ्यानं वर बिल्ल्याचा नंबर काढायची. लिहिता येत नव्हतं बाईला, नंबर मात्र चित्रासारखा काढायची. ती गेली त्याला पाच वर्षं झाली. थैल्या अजून उसवल्या नाहीत. कुठली थैली उसवायला लागली तर आपलं काय होईल, हे नानांनाही माहीत नाही.

नाना मूळचे शिंदखेड्याकडचे. मामाचं बोट धरून आले आणि राहिले. गेटवर बंगालपासून केरळपर्यंतची माणसं येऊन गेली, पण नाना सगळ्यांशी अहिराणीतच बोलणार, आणि गंमत म्हणजे सगळ्यांना ती कळणार! काय दिवस होते हो ते. सकाळचा भोंगा झाला की सायकलींचा असा लोंढा यायचा की रस्ता ओलांडायला कुत्र्यालाही वाट मिळायची नाही. पगाराच्या दिवशी बाजारात जिलबीच्या कढया चढायच्या. फॅक्टरीत चिकटलेला पोरगा म्हटलं की मुलीचा बाप पत्रिकाही बघायचा नाही. थंडीत शेतावर भरताचे बेत व्हायचे, आणि साहेबापासून हमालापर्यंत सगळे एकाच पंगतीला बसून वांग्याचं भरीत ओरपायचे. आणि कारगिलच्या वेळी? आत दुहेरी पाळी लागली, माणसं घरी येईनात. तेव्हा गावातल्या बायकांनी घराघरातून भाकऱ्या थापल्या. टोपल्या भरभरून नानांच्या टपरीवर आल्या, तिथून गेटवर गेल्या. भिकुबाई तर म्हणायची, "लढाई मन्हा तव्यावर चालू शे." खोटं काय होतं त्यात?

आता सायकली गेल्या, मोटारसायकली आल्या. माणसं कमी झाली. थैल्यांत काड्यापेट्या कमी आणि फोन जास्त. पण फळी आहे, खिळे आहेत, नाना आहेत.

त्या फळीवर एक थैली तीन वर्षं हलली नव्हती. ती रविंद्र सुरवाड्यांची.

रविंद्र म्हणजे भीमनगरातला उंचापुरा, हसऱ्या तोंडाचा माणूस. रोज पावणेसातला टपरीवर हजर. एक चहा, एक बिडी, नानांची एक टिंगल, मग थैली खिळ्याला. बुद्धपौर्णिमेला डब्यातून नानांसाठी खीर आणायचा आणि नाना जिभल्या चाटत म्हणायचे, "साखर कमी शे." तीन वर्षांपूर्वी जानेवारीत तो असाच आत गेला. दुपारी छातीत कळ आली. दवाखान्यात नेलं, तिथून जळगावला हलवलं, पण माणूस हाती लागला नाही. संध्याकाळी सगळ्या थैल्या रिकाम्या झाल्या आणि ही एकटी भरलेली लटकत राहिली. दिवेलागण होऊन गेली तरी नानांनी टपरी बंद केली नाही. कशाची वाट बघत होते, देव जाणे.

नंतर ते दोनदा थैली घेऊन भीमनगरच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा मागे फिरले. आत रडारड चाललेली, आणि आपण त्या माउलीच्या हातात काय ठेवायचं, बिडीचा पुडा? पाय उचलेना. मग लाज वाटली म्हणून तिसऱ्यांदा गेलेच नाहीत. रस्त्यात रविंद्रची बायको दिपमाला दिसली तर नाना चक्क टपरीखाली वाकून रॉकेलचा डबा शोधल्यासारखं करायचे. रॉकेल मिळायचं बंद होऊन जमाना झाला होता!

आणि परवाच्या सोमवारी पुनम आली. रविंद्रची थोरली पोरगी. बापाच्या जागी नोकरी लागायला तीन वर्षं गेली. किती कागद, किती खेटे, ते तिचं तिला ठाऊक. कामाचा पहिला दिवस. नवा ड्रेस, गळ्यात नवा बिल्ला, हातात डब्याची पिशवी. उभं राहण्याची ढब हुबेहूब बापाची. नानांच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"नाना, फोन ठेवता ना?" ती म्हणाली. "बाबा म्हणायचे, सामान नानांकडेच द्यायचं."

बस्स. म्हातारं पाघळलं. फोन घेतला, एक रिकामी थैली शोधली, आणि मग एकदम वळून ती जुनी थैली खिळ्यावरून काढली. धूळ झटकली. दोन्ही हातांनी तिच्या पुढे धरली.

"तुना बापनी शे. तीन वरीस मी सांभाळी. आते नको देखू, घर जाईसन मायना समोर उघाडजो."

पुनमचे डोळे भरून आले. तिनं थैली न बघताच डब्याच्या पिशवीत तळाशी सरकवली, वाकून नानांच्या पाया पडली आणि गेटकडे निघाली. नानांना इतकं हलकं वाटलं की पुढच्या चार चहांचे पैसेच घ्यायचे राहिले.

तेवढ्यात छगन आला. छगन म्हणजे पॅकिंगमधला, जन्माचा उशिरा येणारा. त्यानं शेवटचा झुरका मारला, बिडी चिरडली आणि काडीपेटी पुढे केली. "धरा नाना लवकर, भोंगा होईल."

नानांनी काडीपेटी हातात घेतली आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली.

रविंद्रच्या थैलीत काय होतं? काडीपेटीच होती! चाळीस वर्षं ज्या हातानं आत जाणाऱ्याकडून काडी काढून घेतली, त्याच हातानं आज आत जाणाऱ्या पोरीला काडी दिली. तीही पहिल्या दिवशी! गेटवरचा शिरस्ता सगळ्या गावाला पाठ होता. झडतीत काडी सापडली तर जुन्या माणसाची चौकशी होते. नव्या माणसाला दुसऱ्या दिवशी कुणी बोलावत नाही. तीन वर्षांचे खेटे, त्या घराची भाकर, सगळं त्या पिशवीच्या तळाशी.

"ओ माय वं! मी काय करी बसनू!"

"काय झालं नाना?"

"तू आठे उभा राय. फळी सांभाळ!" आणि नाना पळाले. दीडशेएक फोन, टपरी उघडी, दूध उतू चाललेलं, आणि सत्तरीला टेकलेला माणूस धोतर सावरत रस्ता ओलांडतोय. एका मोटारसायकलवाल्यानं शिवी हासडली. नानांनी तीही ऐकली नाही.

गेटाशी पांढरी रेघ आहे. बिल्ल्याशिवाय तिच्या आत पाऊल टाकायचं नाही. रेघेच्या पलीकडे बायकांची लहानशी रांग, आणि पुनमच्या पुढे फक्त दोघी. "पुनम! ए पुनम!" नानांनी हाका मारल्या आणि नेमका त्याच वेळी भोंगा सुरू झाला. नरडं फाटेस्तोवर ओरडले तरी कोण ऐकतो! रांग पुढे सरकली. आता एकच बाई.

नाना रेघ ओलांडून आत शिरले. पहाऱ्यावरचा जवान नवा होता. त्यानं दंडाला धरलं. "ए बाबा! किधर?"

क्षणभर नानांच्या मनात आलं, काहीतरी थाप मारावी. पोरीचा डबा राहिला म्हणावं. पण इथे थाप चालत नाही, हे त्यांच्याएवढं कुणाला माहीत! ते मोडक्यातोडक्या हिंदीत सरळ म्हणाले, "वो लडकी के थैले में काडीपेटी है. मैंने दिया. उसको मालूम नहीं. साब को बुलाव."

मग काय व्हायचं ते झालं. शिट्टी वाजली, रांग थांबली. पुनमला बाजूला काढलं. तिची पिशवी टेबलावर ठेवली गेली आणि ती अशी पांढरीफटक पडली की नानांना तिच्याकडे बघवेना. सुरक्षेचे साहेब आले. साताऱ्याकडचे, मिशीवाले, गेटवर दहा वर्षं काढलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नाना, एका काडीनं काय होतं, ते मी तुम्हाला सांगायचं का?"

"नही साहेब. बठ्ठा दोष मन्हा शे. मन्ही टपरी उचली टाका. आज, आते. पण पोरले आत लेवा. तिनं पाहेलसुद्धा नही."

पुनमनं टेबलावरच्या पिशवीवर हात ठेवला. आता ती म्हणाली, "नाही साहेब. पिशवी माझी आहे. मी बघायला हवं होतं."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग जवानाला विचारलं, "तलाशी शुरू हुई थी?"

"नहीं साब. उसके पहले ही बाबा ने बता दिया."

"झडतीच्या आधी सांगितलं, म्हणजे जमा केलं," साहेब म्हणाले. "गुन्हा नाही. पण पोरी, यापुढे देव जरी आला आणि त्यानं काही हातात दिलं तरी उघडून बघायचं. समजलं?"

जवानानं थैली टेबलाशेजारच्या पाण्याच्या बादलीवर उलटी केली. काडीपेटी पडली, बिडीचा पुडा पडला. दोन बुडबुडे आले आणि लेबलाचा लाल रंग पाण्यात उतरला. रविंद्रच्या हातचं जे काय उरलं होतं ते एवढंच, आणि तेही डोळ्यांदेखत बुडालं. रिकामी थैली त्यानं पुनमला परत दिली. थैली मुठीत धरून पुनम आत गेली. मागे वळून बघितलं नाही.

"आणि टपरी साहेब?" नानांनी विचारलं.

"टपरी उचलू आणि दीडशे जणांचे फोन काय माझ्या डोक्यावर ठेवू?" साहेब खेकसले. "जा लवकर! तिकडे उघडं टाकून आलात, लाज आहे का?"

दिवसभर नानांनी चहात साखर टाकली की नाही, त्यांनाही आठवत नाही. छगनला उशिराचा शेरा बसला तो बसलाच. संध्याकाळी सगळे येऊन आपापलं घेऊन गेले. पुनम मात्र बाजूला उभी होती. शेवटचा माणूस गेल्यावर ती बाकावर येऊन बसली. नानांनी फोन तिच्यापुढे ठेवला. वर बघायची हिंमत नव्हती.

"पोरी, मी चुकनू. बापनी आठवण होती, तीबी बुडाडी."

"नाना, तो पुडा," ती म्हणाली. "फोडलेला होता का?"

भलताच प्रश्न. नानांना समोर बादली दिसली. पुडा आख्खाच पडला होता. वरचा दोरासुद्धा जागच्या जागी.

"नही वं. जसाना तसा. दोराबी सोडेल नव्हता."

पुनमनं रिकामी थैली मांडीवर सपाट केली. मग म्हणाली, "त्या दिवशी सकाळी मी भांडले होते त्यांच्याशी. बिडी सोडणार असाल तरच डबा देईन म्हटलं. ते म्हणाले, आजपासून सोडली. मी म्हटलं, खोटं बोलता, रोजच सोडता. आणि डबा आत नेऊन ठेवला. तसेच गेले." तिचा आवाज फाटला. "तीन वर्षं मला तेच वाटतंय नाना. की खोटं बोलून गेले, आणि मी उपाशी पाठवलं."

नाना खाली बसले. ती सकाळ त्यांनी आजवर हजारदा आठवली असेल; पण एक गोष्ट कधी ध्यानातच आली नव्हती. त्या दिवशी रविंद्रनं चहा-पाव घेतला, टिंगल केली, आणि थैली दिली. मध्ये बिडी नव्हती.

"त्यानी त्या दिन बिडी पेटाडीच नही," नाना हळूच म्हणाले. "आठेच उभा होता. माले वाटनं, घाई व्हई."

"नक्की?"

"भिकुबाईनी आण. आणि उपाशीबी नही गया. दोन पाव खाई गया चहासंगे. म्हने, आज पोर चिडेल शे, डबा नही."

पुनम रडता रडता हसली. अगदी मोठ्यानं. मग तिनं बाकावरचा फोन उचलला आणि घरी लावला.

"आई, ऐक. बाबांनी त्या दिवशी बिडी नव्हती ओढली. हो. हो, अगं खरं! नाना सांगताहेत. थांब, त्यांच्याशीच बोल."

आणि तिनं फोन नानांपुढे धरला. नानांनी हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले. इथे वाकून लपायला जागा नव्हती. पलीकडून दिपमाला "हॅलो, हॅलो" करत होती.

"ताई," नाना म्हणाले, "मी आधार बोली राहिनू. टपरीवाला. तीन वरीस पहिलेच येवाले पाहिजे होतं मी."