न तपासलेले अठरा पेपर

दोह्यातल्या मराठी मंडळात श्यामराव नगरकरांचं नाव निघालं की लोक आदराने बोलत. गणपतीत आरतीचा पहिला मान त्यांचा, दिवाळीच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांची. धंदा काय, तर एज्युकेशन कन्सल्टन्सी. नोकरी सांभाळून लोकांना डिग्री मिळवून द्यायची. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, दारात तुळस. कतारच्या उन्हात ती तुळस जगवणं हे त्या ऑफिसातलं एकमेव प्रामाणिक काम होतं, हे उल्काला कळायला दोन वर्षं लागली.

उल्का नाशिकची, स्वतः सिव्हिल इंजिनिअर. नवरा अनय गॅस कंपनीत, म्हणून ती इथे. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिला घरात बसवेना, तेव्हा तिने श्यामरावांकडे कोऑर्डिनेटरची नोकरी धरली. फॉर्म भरून घ्यायचे, युनिव्हर्सिटीच्या नावाची पुस्तकं आणि छापील प्रश्नसंच द्यायचे, खाली सही करायची. परीक्षा ऑनलाइन होते, असं सरांनी सांगितलं होतं आणि तिने ते मुकाट्याने खरं मानलं होतं. शिकलेल्या बाईने किती भोळं असावं, याचा तिला पुढे स्वतःचाच राग आला.

नंदू खरात तिच्याकडे आला तो २०१७ साली. गाव बीडकडचं, डिप्लोमा केलेला, अकरा वर्षं याच देशात शटरिंगचं काम करत फोरमन झालेला. राहायला इंडस्ट्रियल एरियात, कामाला लुसैलच्या स्टेडियमवर, जिथे वर्ल्ड कपची फायनल व्हायची होती. डिग्री मिळाली तर कंपनी त्याला साइट इंजिनिअर करणार होती. इंजिनिअर झाला की फॅमिली व्हिसा. बायको आणि सहा वर्षांची ईश्वरी इथे येऊ शकणार होती. त्या पोरीला त्याने आजवर चार सुट्ट्यांत मिळून जेमतेम पाच महिने पाहिलं होतं.

"माज्याकडं कॉम्प्युटर न्हाई, मॅडम," तो म्हणाला होता.

"मग हाताने लिहून द्या. मी सरांकडे देते, ते पाठवतील. पण अभ्यास मनापासून करा हं," उल्का म्हणाली होती.

आणि त्याने केला. दोन वर्षं, दर महिना-सव्वा महिन्याने तो एक जाड पाकीट आणून द्यायचा. सगळं कंपनीच्या बसमध्ये लिहिलेलं, मांडीवर प्लायवूडचा तुकडा ठेवून. उल्का पाकिटावर त्याचं नाव, विषय आणि तारीख लिहायची आणि सरांच्या टेबलावर ठेवायची.

२०१९च्या मार्चमधल्या एका गुरुवारी, दुपारी, श्यामराव मंडळाच्या मीटिंगला गेलेले असताना, प्रिंटरचा कागद संपला. उल्काने मागचं कपाट उघडलं. कागदाच्या रिमांखाली पाकिटं होती. सगळ्यांवर तिच्याच अक्षरात नंदूचं नाव. तिने मोजली, अठरा भरली. एकाचाही चिकटपट्टीचा तुकडा निघालेला नव्हता.

तिने नंदूची फाइल काढली. त्यात पासपोर्टची झेरॉक्स होती आणि डिग्रीची. सिव्हिल इंजिनिअरिंग, एकाहत्तर टक्के. पूर्णवेळ कोर्स, २००९ ते २०१३. त्या चारही वर्षांत नंदू दोह्यात शटरिंग ठोकत होता आणि त्याच्या पासपोर्टवर तसे शिक्के होते. जुन्या तारखेची डिग्री कशाला, तर इंजिनिअर म्हणून अनुभवाची वर्षं भरावीत म्हणून. सरकारी ऑफिसातल्या कुणीही पासपोर्ट शेजारी ठेवून पाहिला असता तर दोन मिनिटांत बिंग फुटलं असतं. आणि इथे खोट्या कागदाला माफी नाही. आधी तुरुंग, मग परतीचं विमान.

श्यामराव चारच्या सुमाराला आले. उल्काने अठराही पाकिटं त्यांच्या टेबलावर रचून ठेवली होती.

"हे काय उल्काताई, आवराआवर काढलीत का?"

"सर, हे पेपर कुणी तपासले?"

"तपासायचे कशाला?" ते खुर्चीत रेलून बसले. "त्याला डिग्री हवी होती, मिळाली. मागे सगळे शिक्के अगदी खरे आहेत. इकडच्यांनी तिकडचा शिक्का बघून शिक्का मारला, तिकडच्यांनी त्याच्या आधीचा बघून. आतलं कुणी वाचत नाही हो. आजवर कुणी वाचलेलं नाही."

"पण हा माणूस दोन वर्षं लिहीत होता!"

"मग त्याला लिहायला सांगितलं कुणी? बाकीच्यांपैकी एकाने तरी अक्षर लिहिलंय का? गुमान कागद घेतात आणि जातात. हा एकटाच शहाणा निघाला."

उल्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी सांगितलं होतं लिहायला," ती म्हणाली.

"हो ना. आणि प्रत्येक फॉर्मवर कोऑर्डिनेटर म्हणून सहीसुद्धा तुमचीच आहे." हे त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की आरतीनंतर प्रसाद वाटताहेत असं वाटावं. "तेव्हा जपून. ओरिजिनल सकाळीच त्याच्या कंपनीचा मंदूब घेऊन गेला. रविवारी सकाळी सबमिट करेल. खलास."

मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं फिरवणारा माणूस. कागद त्याच्याकडून परत मागायचा तर तो नंदूनेच. उल्काने पाकिटं दोन पिशव्यांत भरली, दोन्ही झेरॉक्स उचलल्या आणि नोकरी सोडतेय असं सांगून निघाली. श्यामराव मागून काहीतरी बोलत होते. तिने ऐकलं नाही. दारातली तुळस मात्र उपटून न्यावी असं तिला फार वाटलं.

घरी अनयने सगळं ऐकून घेतलं. "तुझी सही आहे म्हणजे तूही अडकशील," तो म्हणाला.

"अडकेन. पण त्याला अडकू देणार नाही."

अनयने उद्या किती वाजता निघायचं ते विचारलं.

शुक्रवारी सकाळी इंडस्ट्रियल एरियातल्या एका कॅफेटेरियात नंदू भेटला. सुट्टीचा इस्त्री केलेला शर्ट घालून आला होता. मॅडम आपल्याकडे आल्या म्हणजे गोड बातमी असणार, असा त्याचा चेहरा. त्याने तिघांसाठी कडक चहा सांगितला. हा चेहरा आपण आता उतरवणार, हे उल्काला ठाऊक होतं.

तिने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःची सहीसुद्धा. पासपोर्टच्या तारखा आणि डिग्रीच्या तारखा समोरासमोर ठेवून दाखवल्या. मग पिशव्यांतून पाकिटं काढली.

नंदूने एकेक पाकीट उलटसुलट करून पाहिलं. सगळी पाहून झाल्यावर म्हणाला, "एकबी उघडलं न्हाई?"

"नाही."

"मंग ते एकाहत्तर टक्के?"

"श्यामरावांनी कॉम्प्युटरवर टाकले."

"त्यातले माजे किती?"

उल्काला वाटलं होतं तो चिडेल, शिव्या देईल, ईश्वरीचं नाव काढून रडेल. या प्रश्नाची तिची तयारी नव्हती.

नंदूने फोन काढला आणि मंदूब फजलला लावला. "फजलभाई, मेरा सर्टिफिकेट वापस चाहिए. सबमिट नहीं करना." पलीकडून आवाज चढला; इतकी घाई करून आणलं, मॅनेजरला काय सांगू, इंजिनिअर नाही व्हायचं का? "अभी नहीं, भाई. पेपर गलत है." दोनदा, तीनदा तेच सांगावं लागलं. शेवटी फजल वैतागून म्हणाला, संध्याकाळी येऊन घेऊन जा. नंदूने शुक्रन म्हणून आभार मानले आणि फोन ठेवला.

"बायकूला जूनमधी आणतो म्हनलं होतं," तो म्हणाला. "शाळा बी बघून ठेवली होती."

अनयने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. उल्का म्हणाली, "मी एम्बसीत तक्रार देणार आहे. माझ्या नावाने. श्यामरावांनी आणखी किती जणांना हा कागद चिकटवलाय, ते बाहेर आलंच पाहिजे. माझी सही निघाली तर निघू दे."

नंदूने मान हलवली. मग एक पाकीट तिच्यापुढे सरकवलं. "तुमी इंजिनिअर हाव ना?"

"हो."

"तपासा मंग."

"आत्ता?"

"कुनीतरी तपासा की, ताई." मॅडमची ताई कधी झाली हे त्यालाही कळलं नसावं.

अनयने खिशातलं पेन दिलं. उल्काने पाकीट फोडलं. बसच्या धक्क्यांनी हललेलं अक्षर, पण प्रत्येक आकृती पट्टीने काढलेली. पहिला प्रश्न बरोबर, दहापैकी नऊ. दुसरा बरोबर. तिसरा मातीचा भार पेलणाऱ्या भिंतीचा होता. ती दोनदा वाचून थांबली. दयेपोटी याला पैकीच्या पैकी देऊन टाकावेत, असं एक क्षण तिच्या मनात आलं, आणि लगेच श्यामराव डोळ्यांसमोर आले. तिने आडवी रेघ मारली.

"हे चुकलंय. भिंतीमागच्या पाण्याचा दाब धरलेलाच नाही."

नंदू पुढे वाकला. "पाऊस कुटं पडतो हितं?"

"प्रश्नात पाणी दिलंय."

"पर बाकीची रीत बरोबर हाय की. पाच तरी द्या."

"नाही देणार. अशी बांधली तर पडेल."

नंदूने कागद ओढून घेतला. बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेला, ओठ हलवत, पुन्हा वरपासून खालपर्यंत. चहा निवून गेला. मग त्याने कपाळावर हात मारला.

"लुसैलला जरा खणलं की पानी लागतं. ते उपसाया आमी रोज पंप लावतो," तो म्हणाला. "आन् हितं लिहिताना मीच इसरलो. पडंल, ताई. खरंच पडंल."

उल्काने समासात तीन लिहिले. नंदूने ते वाचले, बरोबर आहेत म्हणाला, आणि पुढचं पाकीट स्वतःच फोडून तिच्या हातात दिलं.