मुआनाचे किती देशील?

मित्रांनो, मी गोव्यातल्या हळर्ण गावची एक जुनी आदोळी आहे. तुम्ही मला विळी म्हणत असाल, तर म्हणा बापडे. या घरात मात्र माझं नाव मुआना. "मुआना हाड गो, नारळ खवायचाय," अशी आईची हाक आली की सेजल मला उचलून नेते. मुआना हा कुठलासा जुना पोर्तुगीज शब्द असेल, असंच सगळ्यांना वाटतं. मला ठाऊक आहे, मुआना एक बाई होती.

माझं लोखंड आधी तिच्या गळ्यात होतं. तिला आफ्रिकेतून जहाजात कोंबून गोव्यात आणलं, बाजारात उभं केलं. "हिचे किती?" असं विचारून एका फिरंग्यानं तिला विकत घेतलं, तिचं नाव बदललं आणि गळ्यात लोखंडी कडं ठोकलं. ते कडं म्हणजे मी. तिची मान सोलून निघायची. माझा फार जीव तुटायचा, पण करणार काय?

एक दिवस ती पळाली आणि नदीत उतरली. नदीच्या या काठावर, हळर्णात, तेव्हा फिरंग्यांचं राज्य नव्हतं. ओलीचिंब अशी ती लोहाराच्या दारात आली. लोहारानं छिन्नी लावून मला तोडलं. त्याची बायको यशोदा तिच्या मानेला तेल लावत म्हणाली, "भिऊ नको गो बाये. नाव काय तुझं?"

"मुआना." किती वर्षांनी तिनं आपलं खरं नाव उच्चारलं होतं. ती खूप रडली.

लोहारानं मला तापवून, ठोकून आदोळी केली. मुआना तिथेच, याच घरात राहिली. माझ्यावर बसून नारळ खवायची, यशोदेशी गप्पा मारायची. ती गेल्यावर मला मुआनाची आदोळी म्हणू लागले, पुढे नुसतंच मुआना. का, ते सगळे विसरले.

परवा मांद्र्याच्या एका गेस्टहाऊससाठी जुन्या वस्तू घेणारा आला. घरात मिक्सर आलाय, माझी अडगळच. सेजलचे वडील कृष्णनाथ मला पुढे करून म्हणाले, "आमच्या मुआनाचे किती देशील?"

पुन्हा तोच प्रश्न. मी गारच पडले.

सेजलनं मला ओढून घेतलं. "नाव आहे तिला, पप्पा. नाव असलेल्याक कोण विकता काय?"

वडील हसले आणि त्यांनी त्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूचं नाव विचित्र वाटलं तर हसू नका. कुणा माणसाची तेवढीच खूण उरलेली असेल. आणि माझ्याबद्दल कुणी विचारलंच, तर सांगा, मुआना विकायची नाही.