धूळ न शिरणारा ट्रेलर

क्वॉर्न गावाबाहेर, मेंढ्यांची लोकर कातरायच्या शेडमागे एक पांढरा बंदिस्त ट्रेलर टायरमधली हवा गेलेल्या अवस्थेत उभा आहे. मित्रांनो, तो मी. मोटारसायकली वाहून नेण्यासाठी माझा जन्म झाला. कामात मी कधी कसूर केली नाही, तरीही माझ्या पोटात एक माणूस मेला. ते कसं झालं, एवढंच मला तुम्हाला सांगायचं आहे.

ॲडलेडच्या एका कारखान्यात लोखंडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून मला बनवलं. माझं मागचं दार खाली टेकवलं की त्याचाच उतार होई आणि गाडी थेट आत चढे. पुढे पोर्ट पिरीच्या विक्रेत्याच्या आवारात, माझ्यासारख्याच भावंडांच्या रांगेत मी गिऱ्हाइकाची वाट पाहत उभा राहिलो.

तिथे गार्थ ट्रेव्हॉरो आणि त्याची बायको लॉर्ना आली. गार्थ शेतावरचे पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. त्याचा धाकटा भाऊ वेस वाळवंटातल्या शर्यतीत मोटारसायकल पळवायचा. आदल्या वर्षी उघड्या ट्रेलरवरून गाडी नेली, तर वाटेतच इंजिनात लाल धूळ गेली आणि शर्यत अर्ध्यावर संपली. आमच्याकडची धूळ म्हणजे घरजावई. एकदा शिरली की हलायचं नाव नाही.

गार्थची पारख करायची रीत साधी होती. तो प्रत्येक ट्रेलरमध्ये शिरायचा, दार ओढून घ्यायचा आणि कुठून उजेड येतो ते पाहायचा. जिथून उजेड, तिथून धूळ. बहुतेकांना त्याने नाकारलं. माझ्यात मात्र तो बराच वेळ थांबला.

"लॉर्ना, काळोख आहे गं, सगळा काळोख," तो आतून म्हणाला. काळोखाचा एवढा आनंद झालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"आणि हवा?" लॉर्नाने बाहेरून विचारलं.

"हवा कशाला? मोटारसायकल काय श्वास घेते?"

"मोटारसायकल नाही घेत, पण तुम्ही दोघे घेता ना? वाऱ्याने तंबू उडाला की आतच घुसणार तुम्ही. ओळखत नाही होय मी तुम्हाला?"

माझ्या छतात एक झरोका होता. मूठ फिरवली की त्याचं झाकण उघडायचं. तो पाहिला तेव्हाच लॉर्नाने मान डोलावली. त्याला काळोख मिळाला, तिला झरोका मिळाला आणि मी त्यांच्या घरी आलो.

पहिल्याच खेपेला झरोक्याच्या फटीतून चिमूटभर धूळ आत आली. गार्थ शिडी लावून छतावर चढला आणि त्याने झाकणावर चंदेरी चिकटपट्टीचे थर लावले. लॉर्ना खाली उभी होती.

"काढ ती टेप."

"काढतो गं. झोपायची वेळ आली तर आधी काढतो, मग झोपतो. झालं?"

मग माझे चांगले दिवस आले. शर्यतीच्या तळावर लोक मुद्दाम मला पाहायला यायचे. फरशीवरून बोट फिरवायचे आणि कोरं बोट एकमेकांना दाखवायचे. "यात ऑपरेशन करता येईल लेका," एकजण म्हणाला. "गार्थ, तुझ्या घरातसुद्धा एवढी स्वच्छता नाही," वेस म्हणायचा, आणि ते खरंच होतं. मी फुगून गेलो होतो. कौतुक कोणाला आवडत नाही?

आमच्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा, आणि त्या वर्षीची थंडी हाडं गोठवणारी होती. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी वाऱ्याने तंबूच्या काठ्या मोडल्या. गार्थ वेसला म्हणाला, "तू आत झोप. उद्या गाडी तुला चालवायचीय. मी आपला पुढे मोटारीच्या केबिनमध्ये पडतो."

"आणि तुझा गुडघा? रात्रभर कुरकुरेल."

"कुरकुरू दे. जा, झोप गपचूप."

त्याने मोटारसायकलशेजारी अंथरूण घातलं. वेसला थंडी वाजू नये म्हणून गॅसची शेगडी पेटवून दिली. झरोका त्याला आठवला होता, मित्रांनो. त्याने वर पाहिलेलं मी पाहिलं. पण शिडी घरी राहिली होती, वारा पिसाळला होता आणि भाऊ दमला होता. त्याने बाहेर येऊन दार लावलं.

बंद जागेत शेगडी जळत राहिली की एक विषारी वायू साठतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. मला जे येत होतं तेच मी त्याही रात्री केलं. मी बाहेरचं काही आत येऊ दिलं नाही आणि आतलं काही बाहेर जाऊ दिलं नाही. सकाळी गार्थ चहाचे दोन मग घेऊन आला आणि त्याने दार उघडलं. वेस कुशीवर झोपलेला होता, गालावर चांगली लाली होती. गार्थने त्याला दोनदा हाक मारली.

त्यानंतर मी शेडमागे उभा राहिलो. गावात लोक 'नशीब' म्हणायचे. गार्थ मान हलवायचा, पण त्या रात्रीविषयी त्याने कधी तोंड उघडलं नाही, लॉर्नापाशीसुद्धा नाही. छतावरची पट्टी तशीच राहिली. तिला हात लावायला तो धजला नाही.

मग त्याने मला विकायला काढलं. "विक," लॉर्ना म्हणाली, "पण सांगून विक."

"सांगितलं तर कोण घेईल?"



जेरेड आणि मार्नी नावाचं तरुण जोडपं आलं. मार्नीच्या कडेवर तान्ही मुलगी होती. जेरेड आत शिरला, दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन खुशीत म्हणाला, "एक नंबर. शर्यतीला तिघांना आत झोपता येईल. छोटीला वारा लागायला नको."

लॉर्ना कुंपणापाशी उभी राहून नवऱ्याकडे पाहत होती. गार्थ खाली मातीकडे पाहत होता. आता हा माणूस गप्प राहिला तर काय होईल, ते मला दिसत होतं आणि मला वाचा नव्हती.

"माझा भाऊ यात गेला," गार्थ म्हणाला. "शेगडी मी पेटवली होती. वरचा झरोका मी बंद केला होता."

मार्नीने मुलीला छातीशी धरलं. जेरेडने छतावर नजर टाकली.

"वाईट झालं," जेरेड म्हणाला. "पण टेपच आहे ना? आम्ही काढून टाकू."

"मीही काढणारच होतो," गार्थ म्हणाला.

त्याने मला विकलं नाही. ते जोडपं गेल्यावर त्याने पत्रा कापायचं यंत्र आणलं आणि माझ्या दोन्ही कुशींना हातभर रुंदीची भोकं पाडली. मध्येच तो खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला. लॉर्ना त्याच्या शेजारी बसून राहिली.

मला दुखलं नाही. दुःख एवढंच, की ही भोकं वेस जायच्या आधी पडायला हवी होती. मित्रांनो, वस्तू निवडताना तिचा गुण जरूर पाहा, पण तो गुण उलटला तर काय होईल, हेही तिथेच उभं राहून विचारा. आणि आपल्या माणसाच्या जिवाचं काम असेल, तर शिडी घरी राहिली म्हणून थांबू नका. माझ्या छतापर्यंत पोचायला मला ओढणाऱ्या मोटारीचा टपसुद्धा पुरला असता.