काठीनं नाही, मी शिकवली

मी सायकल बोलतेय, आणि संतापून बोलतेय. दारव्ह्याजवळच्या तांड्यावर किसनसिंगच्या ओट्याला टेकून मी उभी असते. मोठ्या माणसाची, मधल्या दांड्याची, उंच. दारव्ह्याच्या तारिक मिस्त्रीनं भंगारातून मला जुळवलं, तेव्हापासून माझी चेन जरा चावरीच आहे.

किसनसिंगनं लेकीला, दिपालीला, शिकवायला घेतलं. सीटपर्यंत पोचत नाहीत ती पोरं दांड्याखालून पाय घालून कैची चालवतात, तशीच तीही. मी तिच्या अंगावर कोसळू नये म्हणून त्यानं माझ्या कॅरिअरला लांब काठी आडवी बांधली. आमच्याकडे सगळेच बांधतात, आणि रीत चांगली आहे.

वाईट होता त्याचा हात. ती कलली की थप्पड, खाली पाहिलं की पाठीत बुक्की. “समोर पाह्य! चाकाकडं कायले पाह्यतं वं?”

मीही काही गरीब नव्हते. पायडलनं तिची नडगी सोलली, चेननं घोट्याचं कातडं काढलं. पण माझ्या मनात राग नव्हता, आणि पोरीला ते कळायचं. रडत रडत पुन्हा माझंच हँडल धरायची.

एका सकाळी माझ्या लक्षात आलं, काठीची टोकं आता मातीला लागतच नाहीत. पोरगी तोल धरत होती! तिला पत्ता नव्हता, बापाला तर नव्हताच. तेवढ्यात शेळी आडवी आली आणि आम्ही दोघी आपटलो. किसनसिंगचं टाळकं फिरलं. त्यानं कॅरिअरची काठी सोडली आणि तिच्या पाठीवर, मांड्यांवर सपासप ओढली. तिची आई गंगी मधे पडली, तर तिच्या मनगटावर बसली. बांगड्यांचा चुरा झाला, रक्त आलं. दिपालीनं मला उचललं आणि जीव घेऊन सुटली, काठीविना, थेट नाल्यापर्यंत.

“मार देल्ला म्हणून शिकली!” किसनसिंग तांडाभर सांगत फिरला. साफ खोटं! पण मला तोंड कुठाय? दिपालीनंसुद्धा ते खरं मानलं, याचं मला फार वाईट वाटतं.

आज तिनं धाकट्या भावाला, जीवनला, माझ्यावर चढवलं. काठी बांधली, मागून धरून पळाली. मी जपून चालत होते, तरी तो पडलाच, नाकावर. उचल म्हणून त्यानं हसत तिच्याकडे हात केले. दिपालीनं कॅरिअरची काठी सोडून हातात घेतली.

“मारू नको वं दीदी! नाकातून रगत येऊन राह्यलं!”

“मार खाल्ल्याबिगर सायकल येत नाई,” ती म्हणाली, अगदी बापाच्या आवाजात. आणि पोराच्या पसरलेल्या हातांवरच पहिला फटका बसला.

तुम्हाला तरी तोंड आहे. त्या पोरीला जाऊन सांगा, “बाई, काठी बसायच्या आधीच तुला सायकल येत होती.” पण लवकर सांगा. उद्या सकाळी ती जीवनला पुन्हा माझ्यावर बसवणार आहे.