धोबिणीचं गाणं

मी गाण्याची जुनी लाखेची तबकडी बोलतेय. आवाज खरखरतो माझा, पण गप्प बसवत नाही. माझ्या मधोमध चिकटवलेल्या कागदावर छापलंय, 'अनामिक बाई, गिटारसह'. अनामिक? अमेरिकेतल्या मेम्फिसच्या हॉटेलात, गाणं मुद्रित करायला खिडक्यांना रजया लावलेल्या खोलीत, तिनं नाव दोनदा सांगितलं होतं. लुवेनिया टार्पली! लिहून घेणाऱ्यानं मान डोलावली आणि सिगार पेटवला.

लुवेनिया मिसिसिपीतल्या एका कापसाच्या मळ्यावर धोबीण होती. मुकादमाचे कपडे बडवता बडवता तिनं हे गाणं रचलं. 'तुझा सदरा मी पांढरा केला, हात तुझे तूच धू.' ही ओळ ती दोनदा म्हणायची. दुसऱ्यांदा दात आवळून. तिकडच्या काळ्या माणसांची ब्लूज गाणी म्हणतात ती हीच.

ती गेल्यावर मी तिच्या लेकीकडे, मोझेलकडे आले. मोझेल चर्चमध्ये गाणारी. "सैतानाची गाणी माझ्या घरात नकोत," म्हणाली, आणि मला ओसरीवरच्या कुंडीखाली ठेवलं. वीस वर्षं! वरून पाणी झिरपायचं, खालून मुंग्या. मी गाते हेच सगळे विसरले.

मग एका दुपारी उत्तरेकडचा एक गोरा तरुण दारात आला. जुन्या तबकड्या शोधत फिरत होता. मोझेलची मुलगी व्हर्लीन शाळेत शिकवायची. तिनं मला ओढून काढलं, नाक मुरडत पुसलं. तरुणानं तिथंच आपलं तबकड्या वाजवायचं यंत्र उघडलं आणि मला लावलं.

व्हर्लीननं आजीचा आवाज कधीच ऐकला नव्हता. पहिल्या ओळीला ती हसली, "अगंबाई, केवढी ही खरखर!" तीच ओळ पुन्हा आली तेव्हा ती पायरीवर बसली आणि हलली नाही.

तरुणानं डोळे मिटले. "काय हे दुःख! कोण बिचारी होती, कोण जाणे."

पिठाच्या हातांनी मोझेल बाहेर आली. "बिचारी? ओ पाहुणे, माझी आई आहे ती! लुवेनिया टार्पली. आणि रडत नाहीये. मुकादमाला तोंडावर झापतेय!"

"आई, तुला हे पाठ आहे?"

"यावरच तर वाढले मी."

"मग मला का नाही कधी ऐकवलंस?"

मोझेल तरुणाकडे वळली. "दुसरी बाजू लावा," म्हणाली.

लावली. त्या बाजूला पाण्यानं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. नुसती सळसळ. मोझेलनं ती शेवटपर्यंत उभ्यानं ऐकली. मग चर्चमधल्या त्याच भरदार आवाजात त्या बाजूचं पुसलेलं गाणं, तेही मुकादमावरचंच, स्वतः म्हणू लागली. व्हर्लीन पायरीवर ताल धरायला गेली आणि चुकली.

"घाई कशाला?" मोझेल ओरडली. "मुकादम काही पळून जात नाही!"

तरुण मला मागत होता. व्हर्लीननं दिलं नाही. आता मी तिच्या कपाटात असते आणि ती नव्या नव्या माणसांना ऐकवते. त्यातले निम्मे उसासे टाकतात, 'किती करुण, किती गोड!'

संताप येतो मला. अहो, ती भांडतेय. ऐकणार असाल, तर तिच्या बाजूनं उभे राहून ऐका.