दैवानैची फळी

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला कोईमतूरबाहेरच्या त्या माळावर पाय ठेवायला जागा नसे. कुणी व्हीलचेअरवर, कुणी मुलाच्या पाठीवर, कुणी हाताला सलाईनची पट्टी तशीच ठेवून आलेलं. आणि प्रत्येकाच्या काखेत कडुनिंबाची एक कोरी फळी. फळी घरूनच आणायची, हा तिथला नियम.

"माझ्याकडची घेतलीत तर म्हणाल, सामीनं आधीच कोरून ठेवली!" पलगैसामी माइकवर गरजायचा. पलगै म्हणजे फळी. त्यावरूनच लोकांनी त्याला हे नाव दिलं होतं. "लाकूड तुमचं, रोग तुमचा, आई सगळ्यांची. मी कोण? मी नुसता पोस्टमन!"

आधी मांडवातल्या टेबलावर रोग्यानं नाव आणि आजार सांगायचा. मग कमरेएवढ्या चौथऱ्यावर फळी पालथी ठेवायची. सामी तिच्यावर लाल रेशमी कापड टाकी, दोन्ही तळवे दाबून धरी आणि ढोल सुरू होत. कानाचे पडदे फाटतील असे ढोल. पंधरा मिनिटांनी फळी उलटी केली की खालच्या अंगाला कोरलेलं दिसे: रोग्याचं नाव, अम्मनची, म्हणजे देवीची, पावलं आणि आज्ञा. खोबणीतला भुसा पुडीत बांधून मिळे. ती अम्मनची विभूती, रोज दुधातून घ्यायची.

त्या शुक्रवारी नाचिमुत्तु सर्वांत मागे उभा होता. पंपांच्या ओतकामासाठी लाकडी साचे करण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. धाकट्या बहिणीनं, दैवानैनं, हट्टच धरला म्हणून तो तिला मोपेडवर घेऊन आला होता. पण येण्याआधी त्यानं तिची फळी स्वतः रंधली होती आणि दोन्ही टोकांना पटाशीनं आपली खूण केली होती. फळ्या बदलत असणार, याची त्याला खात्री होती.

दैवानैची फळी उलटी झाली. नाव होतं, पावलं होती. सामीनं खूण पाहिली, ती कुणाची ते दैवानैला विचारलं आणि माइक घेऊन थेट गर्दीत शिरला.

"अय्या, ही खूण तुमची?"

नाचिमुत्तुनं फळी फिरवून फिरवून पाहिली. जोड नाही, लुकण नाही. त्यानंच रंधलेली फळी.

"माझीच," तो म्हणाला. माइकवरून ते साऱ्या माळावर ऐकू गेलं आणि गर्दीतून आरोळी उठली.

"पण अक्षरं उलटसुलट आहेत," तो पुढं म्हणाला. तेव्हा माइक त्याच्या तोंडापुढून गेला होता.

"देवीला तुमच्या शाळेची बाराखडी लावता होय?" सामी हसला. नावात दोन ठिकाणी ठिपक्यांची दोन बारीक कडी उमटली होती. त्यानं त्यांवर बोट ठेवलं. "हे बघ बाई, आईचे पैंजण! दोन्ही दिसले. भाग्याची आहेस." मग त्यानं आज्ञा वाचली. अठ्ठेचाळीस दिवस सुई नको, औषध नको.

दैवानै गेली अकरा वर्षं इन्सुलिनवर होती.

त्या संध्याकाळी नाचिमुत्तु तिच्याकडं जाऊन भांडला.

"सुई थांबवू नकोस. वेडेपणा आहे हा."

"मग सांग ना अण्णा, कसं केलं त्यांनी?"

"ते मला नाही कळलं."

"फळी बदलली?"

"नाही."

"चार माणसांत तूच म्हणालास ना, माझीच म्हणून? अकरा वर्षं पोटाची चाळण झालीय माझी. मला हे अठ्ठेचाळीस दिवस तरी दे." तिनं डोळ्यांना पदर लावला. तिची मुलगी एळिलरसी दारात उभी होती. ती मामाकडं आशेनं बघत होती. तो चडफडत उठून गेला आणि नंतर तीन दिवस तिकडं फिरकला नाही.

रागावला की नाचिमुत्तु शेडमध्ये जाऊन बसे. तिथं त्यानं सुटे भाग जोडून उभं केलेलं एक सीएनसी राउटर होतं: संगणक सांगेल तसं कातून, कोरून देणारं टेबलाएवढं यंत्र. त्याचा जुना संगणक महिन्यापूर्वी कायमचा बंद पडला होता. नव्यावर जुनं सॉफ्टवेअर चालेना, तेव्हा यंत्र चालवणारं नवं सॉफ्टवेअर शिकणं भाग पडलं. बासष्टाव्या वर्षी पुन्हा पहिलीत बसल्यासारखं झालं होतं. शून्य कुठं धरायचं, म्हणजे कटरनं कुठून मोजायचं, ते चुकलं आणि कटर टेबलातच घुसला. वेग चुकला आणि लाकूड जळालं. चौथ्या दिवशी कुठं चौकोन चौकोनासारखा आला.

पाचव्या दिवशी त्यानं अक्षरं करायला घेतली. जुन्यावर तो चित्र काढूनच कोरत असे. नव्यात नाव टाइप करायची सोय होती. त्यानं शेजारच्या वेलुच्चामिच्या दारावरची पाटी टाइप केली आणि पडद्यावर बघून कपाळावर हात मारला. तमिळमध्ये 'वे'मधल्या मात्रेची खूण अक्षराच्या आधी येते, आपल्या पहिल्या वेलांटीसारखी. सॉफ्टवेअरला ते ठाऊक नव्हतं. त्यानं खूण अक्षराच्या नंतर टाकली होती आणि ती एकटी पडली म्हणून तिला ठिपक्यांचं एक कडं जोडलं होतं.

नाचिमुत्तु त्या कड्याकडं बघत राहिला. मग त्यानं वेलुच्चामि खोडलं आणि दैवानै टाइप केलं. त्या नावात अशा खुणा दोन. पडद्यावर दोन कडी आली. आईचे पैंजण.

चौथऱ्याच्या पोटात असंच यंत्र उलटं टांगलेलं असणार. फळी पालथी का, ढोल कशाला, टेबलावर नाव कशासाठी घेतात, सगळं त्याला एका क्षणात कळलं. मोपेड काढून तो तडक बहिणीकडं गेला.

दैवानै जमिनीवर पडली होती. मैल दोन मैल धावून आल्यासारखा खोल श्वास चालला होता आणि श्वासाला नासक्या फळाचा वास येत होता. उशाशी भुशाची पुडी.

"कालपासून उलट्या होताहेत," एळिलरसी रडत म्हणाली. "सामींना फोन केला. म्हणाले, विष बाहेर पडतंय, पडू दे."

"दैवानै, ऐक. यंत्र आहे ते. माझ्याकडं आहे तसलंच."

तिनं डोळे उघडले, पण तिला ते समजलं की नाही, हे त्याला कधीच कळलं नाही.

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन दिवस शर्थ केली. "पहिल्या दुसऱ्या दिवशी आणलं असतं तर," एवढंच त्या म्हणाल्या आणि थांबल्या. सातव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, दैवानै गेली. दुपारी दहन झालं. अंघोळ करून नाचिमुत्तु शेडमध्ये शिरला आणि त्यानं कडुनिंबाची एक नवी फळी घेतली. तिच्या मधोमध खाच पाडून त्यात पोलादाची पट्टी बसवली, वर कडुनिंबाचाच पातळ पापुद्रा चिकटवला आणि रंधून एकसारखं केलं.

शुक्रवारी तो रांगेत उभा राहिला.

"नाव?" टेबलामागच्या माणसानं मान वर न करता विचारलं.

"दैवानै. माझी बहीण. साखर आहे तिला."

"आली नाही?"

"उठवत नाही तिला."

फळी चौथऱ्यावर गेली, कापड पडलं, ढोल सुरू झाले. दोनेक मिनिटं झाली असतील. अचानक चौथऱ्यातून अशी किंकाळी उठली की ढोल बडवणाऱ्यांचे हात हवेतच थांबले. मग काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि शांत झालेल्या माळावर मोटर एकटीच घरघरत राहिली. कापडाखालून जळका वास येऊ लागला.

"आई कोपली! कोणी विटाळ केला?" सामी ओरडला.

नाचिमुत्तुनं कापड ओढून फळी उलटी केली. अर्धं नाव आणि ठिपक्यांचं एक कडं कोरलं गेलं होतं. पुढं फाटक्या पापुद्र्याखालून पोलाद चमकत होतं. चारपाच जणांनी जोर लावून चौथऱ्याची बाजू उचकटली. आत यंत्र उलटं टांगलेलं होतं, कटर मोडलेला, तळाशी भुशाचा ढीग. त्याची वायर गालिच्याखालून टेबलापर्यंत गेली होती. नाव लिहून घेणारा कधीच पसार झाला होता. सामीला मात्र लोकांनी धरून ठेवलं. पोलीस येईपर्यंत त्याचं तोंड चालूच होतं. "आईच यंत्रात उतरते!" दोन बायका त्याच्या पाया पडत होत्या.

नाचिमुत्तुच्या हातात कुणीतरी माइक दिला.

"ज्या बाईच्या नावानं ही फळी ठेवली, तिला आम्ही काल जाळलं," तो म्हणाला. "तुमच्या देवीला ते कळलं नाही. टेबलावर जे सांगितलं तेच तिनं लिहायला घेतलं. गेल्या शुक्रवारी ह्याच माइकवर मी म्हणालो, खूण माझी आहे. कसं केलं ते मला कळलं नव्हतं. कळलं नाही तर कळलं नाही म्हणावं. पण न कळलेल्या गोष्टीसाठी कुणी सुई थांबवायची नाही, हे मी तिच्या हाताला धरून सांगायला हवं होतं. मी रागावून घरी गेलो. तुम्ही जाऊ नका. घरात कुणी गोळी बंद केली असेल, तर आधी ती सुरू करा. हे यंत्र कसं चालतं ते मी प्रत्येकाला दाखवतो, हवा तेवढा वेळ दाखवतो. पण आधी गोळी."

मग पुढच्या रांगेतला एक लुंगीवाला म्हातारा काठी टेकत जवळ आला. त्याच्या हातात विभूतीची पुडी होती.

"रक्तदाबाची गोळी बंद केलीय मी. तीन आठवडे झाले," तो हळूच म्हणाला. "पुढच्या सोमवारी डॉक्टरांना विचारलं तर चालेल?"

"नाही," नाचिमुत्तु म्हणाला, "चला, मी सोडतो तुम्हाला दवाखान्यात." आणि तो मोपेडकडं वळला.